पाय-रॅड्स ३: प्रोस्टेटचा एमआरआय ‘हो’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही, तेव्हा काय करायचं

रिपोर्टच्या शेवटी ‘पाय-रॅड्स ३’ असं दिसलं की बऱ्याच घरांत पहिला प्रश्न येतो, “म्हणजे तिसरी स्टेज का?” तसं नाही. स्टेज ठरते ती कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावर, आणि इथे तर कॅन्सर आहे की नाही हेच ठरलेलं नाही. बायोप्सीच्या रिपोर्टात येणारा ‘ग्लीसन ३+३’ हाही वेगळाच आकडा आहे, तो सापडलेला कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगतो. तिन्हीकडे ‘३’ येतो, म्हणून गोंधळ होतो.

पाय-रॅड्स ही प्रोस्टेटचा एमआरआय वाचायची १ ते ५ अशी पट्टी आहे. १ म्हणजे त्रासदायक ठरेल असा कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी आणि ५ म्हणजे फारच जास्त. पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली, सध्या वापरतो ती २.१ ही २०१९ ची. तीनचा अर्थ या पट्टीतच ‘अनिश्चित’ असा दिला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या चाचणीत ३ आलेल्यांपैकी १२ टक्क्यांमध्ये लक्षणीय कॅन्सर सापडला. ४ ला हे प्रमाण ६० टक्के आणि ५ ला ८३ टक्के होतं. नंतरच्या काही एकत्रित विश्लेषणांत ३ चा आकडा २० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे दहांपैकी आठ-नऊ जणांना ज्याची भीती वाटते तो कॅन्सर नसतो, पण एक-दोघांना असतो. ‘लक्षणीय’ म्हणजे साधारणपणे ग्लीसन ३+४ किंवा त्यापुढचा. ३+३ असेल तर बहुतेकदा उपचार न करता नुसतं लक्ष ठेवलं जातं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, हे ‘तीन’ मीही लिहितो. ३ आल्यावर लोक लगेच पुढची महाग तपासणी शोधतात, पण त्याआधी हातातल्या फाइलमधूनच बरंच काही काढता येतं. ते नीट काढलं की बरेचसे तीन एकतर दोनकडे झुकतात, नाहीतर चारकडे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पायऱ्यांनी लिहितो.

सुरुवातीलाच एक सूचना. पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) २०-३० च्या पुढे असेल, गुदद्वारातून केलेल्या बोटाच्या तपासणीत गाठ टणक लागत असेल, किंवा पाठ-कंबर सतत दुखून वजन उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि युरोलॉजिस्टना लवकर गाठा. तिथे एमआरआय काय म्हणतो याची वाट बघत बसायचं नसतं.

पायरी १: रिपोर्ट पूर्ण वाचा

शेवटची ओळ वाचून फाइल बंद करू नका. चार गोष्टी शोधा: डाग कुठे आहे, केवढा आहे, ग्रंथीचं आकारमान किती, आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं होतं का.

‘कुठे’ हे कळायला ग्रंथीची थोडी ओळख हवी. कॅन्सर बहुतेकदा बाहेरच्या भागात होतो, त्याला पेरिफेरल झोन म्हणतात. वयानुसार जो फुगतो आणि लघवी अडवतो तो आतला ट्रान्झिशन झोन. दोन्ही भागांना नियम वेगळे आहेत. बाहेरच्या भागात डिफ्युजन हे चित्र निर्णायक मानतात. पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्या की पाण्याचे रेणू मोकळे फिरू शकत नाहीत, आणि तो भाग डिफ्युजनमध्ये उजळ आणि त्याच्या नकाशात, म्हणजे एडीसीमध्ये, काळा दिसतो. इथे डिफ्युजनवर ३ आला आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर तोच ठिपका लवकर उजळला, तर त्याचा ४ होतो. आतल्या भागात टी-टू, म्हणजे ग्रंथीची रचना दाखवणारं एमआरआयचं चित्र, निर्णायक असतं. तिथे टी-टू वर ३ आणि डिफ्युजनवर ५ असेल तर ४, आणि टी-टू वर २ असूनही डिफ्युजन ४ किंवा ५ असेल तर ३.

याचा व्यवहारात उपयोग काय? कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या एमआरआयमध्ये बाहेरच्या भागातला ३ हा ३ च राहतो, त्याला वर जायला वाटच नसते. कॉन्ट्रास्ट नसणं ही मात्र चूक नव्हे. २०२५ मध्ये आलेल्या ‘प्राइम’ चाचणीत कॉन्ट्रास्टसह आणि कॉन्ट्रास्टशिवाय दोन्ही पद्धतींत लक्षणीय कॅन्सर जवळपास सारखाच, सुमारे २९ टक्के जणांत, सापडला. अट एकच होती, चित्रं चांगली हवीत. त्या अटीकडे पुढे येतो.

आतल्या भागातले ३ बरेचदा वाढलेल्या प्रोस्टेटच्या गाठीच निघतात. बाहेरच्या भागातल्या ३ कडे मी जास्त गांभीर्याने बघतो.

पायरी २: पीएसए खरा आहे का ते तपासा

पीएसए हा कॅन्सरचा आकडा नाही, प्रोस्टेटचा आहे. लघवीचा संसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तर तो कितीतरी वाढतो आणि उतरायला आठवडे घेतो. अशा वेळी सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा करावा. वीर्यस्खलनानंतर दोन दिवस आणि सायकलवर लांबची रपेट मारली असेल तर एक-दोन दिवस थांबलेलं बरं. शक्यतो त्याच लॅबमधून करा, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतात. एकदा वाढलेला पीएसए पुन्हा केल्यावर आपोआप खाली आलेला दिसणं अजिबात दुर्मिळ नाही.

याच्या उलट एक गोष्ट आहे आणि ती जास्त घातक आहे, कारण ती आकडा लपवते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधं सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा होतो. आपल्याकडे ‘प्रोस्टेटची गोळी’ म्हणून दिली जाणारी कितीतरी कॅप्सूल ही टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड यांची जोडगोळी असते, आणि घेणाऱ्याला ते माहीत नसतं. बाबांच्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. केसांसाठी घेतलेलं १ मिलिग्रॅमचं फिनास्टेराइडही यात मोजायचं. यातलं काही चालू असेल तर पीएसए दुपटीने धरायचा, ३.१ आला असेल तर ६.२ समजायचा. गोळी चालू असताना आकडा स्थिर राहण्याऐवजी चढत असेल, तर तो कितीही लहान असला तरी डॉक्टरांना दाखवा.

पायरी ३: पीएसए घनता काढा

सगळ्या लेखातून एकच पायरी करायची असेल तर ही करा. पैसे लागत नाहीत, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

वाढलेलं मोठं प्रोस्टेट स्वतःच जास्त पीएसए तयार करतं. म्हणून पीएसए भागिले ग्रंथीचं आकारमान असा हिशोब करतात. आकारमान एमआरआयच्या रिपोर्टात सीसीमध्ये दिलेलं असतं. नसेल तर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि त्याला ०.५२ ने गुणायचं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतलं माप वापरू नका, ते बरंच ढोबळ असतं.

समजा दोघांचाही पीएसए ६.२ आहे आणि दोघांनाही पाय-रॅड्स ३ आलाय. पहिल्याची मापं ५.०, ४.४ आणि ४.२. गुणाकार ९२.४, त्याला ०.५२ ने गुणलं की ४८ सीसी. ६.२ भागिले ४८ म्हणजे ०.१३. दुसऱ्याची मापं ४.४, ३.८ आणि ३.४. आकारमान साधारण २९.६ सीसी, घनता ०.२१. आता तिसरा माणूस घ्या, ज्याचं प्रोस्टेट ९५ सीसी आहे. त्याच पीएसएला त्याची घनता ०.०७ सुद्धा भरत नाही. रिपोर्टातली ओळ तिघांचीही तीच, पण मी तिघांना तीन वेगळे सल्ले देईन.

सर्वमान्य सीमा ०.१५ ची आहे. ३ आणि घनता ०.१५ किंवा जास्त असेल तर बायोप्सीकडे कल. ०.१० च्या खाली असेल आणि बाकी काही खटकत नसेल तर थांबून लक्ष ठेवायला हरकत नसते. मधला ०.१० ते ०.१५ हा पट्टा खरोखरच राखाडी आहे, तिथे पुढच्या पायऱ्या कामाला येतात. गोळी चालू असेल तर दुपटीचा पीएसए घ्यायचा. त्या गोळ्यांनी ग्रंथीही थोडी आकसते, त्यामुळे तिथली घनता अंदाजेच धरायची.

पायरी ४: चित्रं चांगली आहेत का, आणि दुसऱ्या नजरेला काय दिसतं

आम्ही ३ का लिहितो? कधी खरंच मधलं काहीतरी दिसतं म्हणून. कधी चित्र इतकं खराब असतं की २ लिहायचा धीर होत नाही आणि ४ लिहायला पुरावा नसतो. आणि कधी, हे आमच्यातले बरेच जण खासगीत मान्य करतील, आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला हे तिन्ही ‘तीन’ सारखेच दिसतात.

चित्र खराब होण्याची कारणं साधी असतात. आतड्यात गॅस किंवा संडास साचलेला असेल तर डिफ्युजनचं चित्र वेडंवाकडं होतं, कारण प्रोस्टेट अगदी त्याला लागून आहे. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर धातूमुळे तसंच होतं. आतड्यांच्या हालचालीने टी-टू पुसट होतो. अलीकडेच बायोप्सी झाली असेल तर आत रक्त असतं, आणि रक्त कॅन्सरसारखं भासू शकतं. बायोप्सीनंतर किमान सहा आठवडे थांबूनच एमआरआय करावा. रिपोर्टमध्ये ‘मोशन आर्टिफॅक्ट’ किंवा ‘ससेप्टिबिलिटी’ असे शब्द असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. चित्रांचा दर्जा मोजायची ‘पाय-क्वाल’ नावाची वेगळी पट्टीही आता आहे. रिपोर्टात तो गुण नसेल तर बेलाशक विचारा.

पुन्हा एमआरआय करायचा ठरला तर तयारी नीट करून जा. सकाळी पोट साफ झालेलं हवं, गरज वाटली तर आदल्या दिवशी रेचक किंवा सकाळी छोटा एनिमा घ्यावा, पण तो सेंटरला विचारूनच. काही ठिकाणी आतडं शांत ठेवणारं बस्कोपॅनचं इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगा.

पण पुन्हा मशीनमध्ये जाण्याआधी दुसरं वाचन करून घ्या. नियमितपणे प्रोस्टेटचे एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे तीच चित्रं न्या. दोन वाचकांत तीनबद्दल मतभेद होणं सर्रास आहे, म्हणून हे महत्त्वाचं. फिल्म उपयोगाच्या नाहीत. सेंटरकडून डायकॉम स्वरूपातली सीडी किंवा लिंक मागा. तो तुमचा हक्काचा डेटा आहे. सोबत पीएसएचे सगळे जुने आकडे, गोळ्यांची यादी आणि आधीची बायोप्सी असेल तर तिचा रिपोर्ट द्या. “नुसतं बघा आणि सांगा” म्हणून सीडी हातात दिली तर उत्तरही तसंच मिळतं.

पायरी ५: माणूस कोण आहे

वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. बीआरसीए-२ या जनुकातला दोष पुरुषांत प्रोस्टेटचा, आणि बहुधा जास्त आक्रमक, कॅन्सर करू शकतो. आपल्याकडे बायकांचे आजार पुरुषांच्या फाइलमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम आठवून सांगा.

बोटाची तपासणी टाळू नका. लाज वाटते, हे खरं आहे, पण अर्ध्या मिनिटाचं काम असतं. एमआरआयवर ३ आणि बोटाला टणक, ओबडधोबड लागणं हे एकत्र आलं तर निर्णय बदलतो.

आधी बायोप्सी होऊन काही निघालं नसेल तर तीनचं वजन थोडं कमी होतं. आणि पूर्वी मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मूत्राशयात बीसीजीचं औषध घातलं असेल किंवा टीबी झालेला असेल, तर ते आवर्जून सांगा. दोन्हींमुळे प्रोस्टेटमध्ये दाहाच्या गाठी होतात, आणि त्या एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात. आपल्या देशात ही शक्यता पाश्चात्त्य मार्गदर्शक तत्त्वांत दिसते त्याहून जवळची आहे.

वयाचं काय? ऐंशी उलटलेल्या, दोन स्टेंट आणि किडनीचा त्रास असलेल्या आजोबांच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘कॅन्सर आहे का’ हा नसतो. ‘असला तरी त्याने पुढच्या दहा वर्षांत त्रास होणार आहे का, आणि कळल्यावर आपण काही करणार आहोत का’ हा असतो. उत्तर नाही असेल तर ३ तसाच राहू द्यावा. घरातल्या तरुणांना हे पटत नाही. त्यांना सगळं ‘करून घ्यायचं’ असतं.

पायरी ६: तरीही कळत नसेल तर जास्तीच्या तपासण्या

फ्री (रक्तात मोकळा फिरणारा) आणि टोटल (एकूण) पीएसएचं गुणोत्तर स्वस्त आहे. टोटल ४ ते १० च्या दरम्यान असेल तेव्हाच त्याला अर्थ आहे. १० टक्क्यांच्या खाली शंका वाढते, २५ च्या वर कमी होते, आणि मध्ये काहीच ठरत नाही. बहुतेक लोक मध्येच असतात. प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स ही त्याची सुधारलेली बहीण, काही मोठ्या लॅबमध्ये होते. परदेशी ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरून मिळालेली टक्केवारी मात्र ब्रह्मवाक्य मानू नका. ते युरोप-अमेरिकेतल्या पुरुषांवर बेतलेले आहेत.

पीएसएमए पेट स्कॅनबद्दल हल्ली खूप विचारणा होते. प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं, कॅन्सरमध्ये ते वाढतं, आणि गॅलियम-६८ सारखा किरणोत्सारी पदार्थ त्याला जोडून तो भाग उजळवतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘प्रायमरी’ या २०२१ च्या अभ्यासात २९१ पुरुषांमध्ये एमआरआय एकट्याने ८३ टक्के लक्षणीय कॅन्सर पकडले, तर एमआरआय आणि पीएसएमए मिळून ९७ टक्के. आकडा मोहवतो. पण त्याच अभ्यासात कॅन्सर नसलेल्यांना ‘नाही’ म्हणून ओळखण्याचं प्रमाण ५३ वरून ४० टक्क्यांवर आलं. म्हणजे कॅन्सर सुटत नाही, पण उगाच शंकाही वाढतात. दाह आणि टीबीच्या गाठीही उजळू शकतात. पीएसएमए-१००७ हा फ्लोरिनवाला पदार्थ वापरला तर बरगडीत एखादा निरुपद्रवी ठिपका दिसतो आणि घरात ‘हाडात पसरला’ म्हणून रडारड सुरू होते.

मी हा स्कॅन सरसकट सुचवत नाही. घनता राखाडी पट्ट्यात आहे, दुसऱ्या वाचनातही ३ च आलाय, आणि बायोप्सीत जोखीम आहे किंवा आधीची बायोप्सी कोरी गेलीय, अशा वेळी तो खरंच मदत करतो. घनता ०.०६ असताना तो करणं म्हणजे पैसे खर्चून काळजी विकत घेणं.

पायरी ७: बायोप्सी ठरली तर

“सुई लावली की कॅन्सर पसरतो” हे गावात आणि शहरात सारखंच ऐकू येतं. प्रोस्टेटच्या बायोप्सीने कॅन्सर पसरून आयुष्य कमी होतं असं दाखवणारा पुरावा नाही. खरा धोका संसर्गाचा आहे.

त्यामुळे कोणत्या मार्गाने सुई जाणार हे विचारा. जुनी पद्धत गुदद्वारातून, म्हणजे सुई आतड्याच्या भिंतीतून जाते. आपल्याकडे आतड्यातले कित्येक ई-कोलाय जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातल्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून इथे ही बाब आणखी महत्त्वाची. दुसरा मार्ग पेरिनियममधून, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून. त्यात संसर्ग कमी होतो आणि ग्रंथीच्या पुढच्या भागापर्यंतही नीट पोचता येतं. तुमच्याकडे ती सोय असेल तर तीच निवडा.

दुसरं, एमआरआयमधला तोच डाग नेमका टिपला जाणार का? एमआरआय न बघता आंधळेपणाने बारा तुकडे घेण्याची मर्यादा २०१७ च्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने उघडी पाडली. ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांमध्ये त्या जुन्या पद्धतीने ४८ टक्केच लक्षणीय कॅन्सर सापडले, एमआरआयने ९३ टक्के दाखवले. आता डागातून तीन-चार तुकडे आणि त्याच्या भोवतालचे काही घेतात. पहिल्याच बायोप्सीत बऱ्याचदा बाकीच्या ग्रंथीचेही नेहमीचे तुकडे घेतले जातात. ‘फ्यूजन’ मशीन, म्हणजे एमआरआयचं चित्र सोनोग्राफीच्या चित्रावर बसवणारं यंत्र, नाही म्हणून खंतावू नका. नेदरलँड्समधल्या ‘फ्यूचर’ चाचणीत मशीनने चित्रं जुळवणं, डॉक्टरांनी डोळ्यांनी जुळवणं आणि थेट एमआरआयमध्येच बायोप्सी करणं, यांत ठोस फरक दिसला नाही. मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. डाग सेंटिमीटरहून लहान आणि पुढच्या भागात असेल तर मात्र फ्यूजनसाठी थोडं लांब जायला हरकत नाही.

डागातले तुकडे वेगळ्या बाटलीत, नाव लिहून पाठवायला सांगा. सगळे एकत्र टाकले की नंतर ‘डागात काय निघालं’ हा प्रश्न कुणालाच सोडवता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. नंतर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसेल, ते चालतं. थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

पायरी ८: बायोप्सी कोरी आली, किंवा करायचीच नाही ठरलं

कोऱ्या रिपोर्टात ‘क्रॉनिक इन्फ्लमेशन’ किंवा ‘ग्रॅन्युलोमॅटस’ असं काही लिहिलेलं असेल तर एमआरआयवरच्या डागाचं कारण सापडलं असं समजायला जागा आहे. ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या बारीक गाठी, निघाले तर टीबीचा तपास करायला सांगा. काहीच कारण दिलं नसेल आणि घनता मात्र ०.२० च्या वर असेल, तर युरोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांना एकत्र बसून सुई डागातच गेली होती का हे बघायला सांगा. इथे ‘कॅन्सर नाही, पेढे वाटा’ म्हणून थांबायचं नाही.

बायोप्सी न करता लक्ष ठेवायचं ठरलं असेल तर तारखा आजच लिहा: पीएसए दर सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, आणि एमआरआय साधारण वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे जुन्या चित्रांशी तुलना खरी होते. दर वेळी घनता पुन्हा काढा. ती ०.१५ ओलांडली, डाग वाढला, पाय-रॅड्स ४ झाला किंवा बोटाला काही नवीन लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता बायोप्सीची चर्चा करायची. यातलं काहीच झालं नाही आणि पुढच्या एमआरआयमध्ये डाग विरला किंवा २ वर आला, तर अंतर वाढवून वर्षातून एकदा पीएसए पुरतो. आणि पहिल्या एमआरआयची सीडी कपाटात टाकून विसरू नका. सेंटर बंद पडतात, डेटा पुसला जातो, म्हणून ती पेनड्राइव्हवर आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर ठेवा.